एक ताट जास्त

रविवार, १ सप्टेंबर

पलीकडचं घर बंद होणार. चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, संपताना बिशपांचं पत्र वाचलं गेलं आणि लोक उभेच्या उभे राहिले. शेवटचं गाणं गायकवृंदातल्या बायकांनी अर्ध्यावरच सोडलं.

पत्र वाचलं ते धाकट्या फादरांनी, म्हणजे सहायक धर्मगुरूंनी. मुख्य धर्मगुरू माझा भाऊ. वाचायला त्यानेच हवं होतं, पण "माझा चष्मा सापडत नाही" म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावर होता. बरं झालं म्हणा, असलं पत्र वाचायला त्याची जीभ रेटली नसती.

पलीकडचं घर म्हणजे चर्चच्या अंगणापलीकडची बैठी इमारत. ज्या म्हाताऱ्यांना आपलं घर कुठलं, मुलं कोण, हेच आठवत नाही, त्यांना सिस्टर तिथे सांभाळतात. एक पोस्टमास्तर आहेत, रोज सकाळी कोट घालून, पिशवी घेऊन फाटकापर्यंत कामावर जायला निघतात. सिस्टर म्हणतात, "आज सुट्टी आहे, मास्तर." मग ते खूश होऊन परत फिरतात. ही माणसं आता कुठे जाणार, याबद्दल पत्रात एक ओळ आहे: योग्य ती व्यवस्था केली जाईल. सिस्टर कमी झाल्या, इमारत जुनी झाली, म्हणून तिथे धर्मगुरूंसाठी प्रशिक्षण केंद्र होणार. हे सगळं "सखोल विचारांती" ठरलंय. शाळेत निबंधात असं लिहिणाऱ्या मुलींना मी विचारायची, विचार केलास तो कुणाबरोबर?

मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडल्यापासून कुणाला रागवायला मिळत नाही, म्हणून तर ही वही सुरू केली. आज वहीचं सार्थक झालं.

बुधवार, ४ सप्टेंबर

संध्याकाळी आमच्याच जेवणघरात धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, समितीची बैठक झाली. चहा मी केला, त्यामुळे ऐकायचा हक्क मला होताच. समितीच्या अध्यक्ष आमच्या वकीलबाई. कोर्टात म्हणे वाघीण आहेत, पण इथे प्रत्येक वाक्याआधी "आदरपूर्वक" म्हणत होत्या.

"बिशपांविरुद्ध एक शब्द निघता कामा नये," त्या म्हणाल्या. "ते आपले वडील आहेत. आपण एवढंच म्हणायचं, एकदा या. पलीकडच्या घरात तासभर बसा. मग जे ठरवाल ते ठरवा."

"आणि आलेच नाहीत तर?" कुणीतरी विचारलं.

"तर पुन्हा म्हणायचं. आदरपूर्वक."

शेजारच्या धर्मग्रामातले दोन फादरही आले होते. त्यांचंही हेच म्हणणं, फक्त ते आवाज खाली करून बोलत होते. सगळे माझ्या भावाकडे बघत होते आणि तो मिठाची गुळणी धरून बसलेला. मध्येच त्याने विचारलं, "कुठलं घर बंद होणार म्हणालात?" वकीलबाईंना वाटलं, टोमणा मारतोय. हसल्या. मला काही हसू आलं नाही. मला वाटलं, झटकतोय अंगावरचं. लहानपणापासून असाच, भांडण दिसलं की माडीवर.

रविवार, ८ सप्टेंबर

आज आमच्या गरीब गाईने शिंग उगारलं!

नीट लिहून ठेवते. मिस्साच्या मधल्या मोठ्या प्रार्थनेत पोपचं आणि आपल्या बिशपांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. वेदीवरच्या मोठ्या पुस्तकात त्या प्रार्थनेचा शब्दन् शब्द छापलेला आहे, फक्त ही दोन नावं नाहीत. पोप बदलतात, बिशप जागोजागी वेगळे, म्हणून तिथे जागा सोडलेली असते. पोपचं नाव भावाने चिठ्ठीवर लिहून तिथे डकवलंय, नवे पोप आले तेव्हा चुकू नये म्हणून. बिशपांच्या नावाला चिठ्ठी कशाला लागेल? ते तर आमच्या घरात वाढलेले.

भाऊ "आणि आमचे महागुरू", म्हणजे बिशप, इथपर्यंत आला आणि थांबला. पुस्तकाच्या कडेवर त्याची बोटं घट्ट आवळलेली मला पहिल्या बाकावरून दिसत होती. मग नाव न घेताच तो पुढच्या ओळीवर गेला.

मागून कुणीतरी मोठा श्वास घेतला. जन्मभर रोज ऐकलेली प्रार्थना, तिच्यातला एक शब्द गळला तरी लोकांना कळतो. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "बाई, मी पानंच्या पानं लिहून जे सांगू शकले नसते, ते फादरांनी न बोलता सांगितलं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले.

तो बिशप म्हणजे आमचा लांबू. सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, भावाच्या खोलीत राहायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून सुट्टीत आमच्याकडे यायचा. दाराच्या चौकटीवर रोज कपाळ आपटायचा, त्यावरून आमच्या आईने लांबू नाव ठेवलं. तो बिशप झाला त्या दिवशी मी त्याच्या अंगठीचं चुंबन घेतलं आणि तेव्हापासून अहोजाहो करते. पण आई असती तर त्याचा कान धरला असता.

सोमवार, ९ सप्टेंबर

नाश्त्याला भावाला म्हटलं, "काल फार मोठं काम केलंस."

"कसलं गं?"

"नाव नाही घेतलंस ते."

त्याने पावाचा तुकडा खाली ठेवला. "राहून गेलं," म्हणाला.

"राहून गेलं म्हणे!" मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. "असंच म्हण. कुणी विचारलं तर असंच म्हण."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग थोडंसं हसला. त्याला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दुसरा पाव मी त्याला लोणी लावून दिला. आयुष्यभर मी त्याला कणा नाही म्हणून हिणवत आले. आज मनातल्या मनात सगळं परत घेतलं.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्च खचाखच भरलेलं. इतर धर्मग्रामांतले लोकही आले होते, आणि ते कशासाठी आलेत हे सगळ्यांना माहीत होतं. "आणि आमचे महागुरू" आलं. तो थांबला. नाव घेतलं नाही.

पण खरी कमाल प्रवचनाची. कागद बाजूला ठेवला आणि बोलायलाच लागला. "आमची आई जेवायला एक ताट नेहमी जास्त मांडायची. कुणी विचारलं, हे कुणाचं, तर म्हणायची, येईल त्याचं. आमच्या त्या ताटावर कितीतरी माणसं जेवून गेली. एक उंच मुलगा तर कितीतरी सुट्ट्या जेवला. पलीकडचं घर हे आपल्या धर्मग्रामाचं जास्तीचं ताट आहे. ज्यांना स्वतःचं ताट आठवत नाही, त्यांचं. ते उचलू नका."

एवढंच. खाली बसला. लोकांनी चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या, आणि एरवी मी डोळे वटारले असते, पण आज मीही वाजवल्या. भाऊ दचकून बघत होता. मग त्याची नजर मला शोधत आली आणि माझ्या चेहऱ्यावर थांबली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

धाकटे फादर भांडी पुसायला मदत करू लागले तेव्हाच मला कळायला हवं होतं की यांना काहीतरी सांगायचंय.

"बाई, राग येणार नसेल तर एक बोलू? मला वाटतं, फादर मुद्दाम नाव गाळत नाहीत."

"म्हणजे?"

"मंगळवारी त्यांनी मला दोनदा माझं गाव विचारलं. काल मिस्साला जाताना वस्त्रं उलटी घातली होती, मी सरळ करून दिली."

मी फडकं ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला बिशपांच्या ऑफिसातून कुणाचा फोन आला होता का?"

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "आला होता. पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

"एका धर्मगुरूने तोंड उघडलं की त्याला वेडा ठरवायचं, हे जुनंच आहे," मी म्हटलं. "तुम्ही तरुण आहात, बदलीची भीती असेल. पण माझ्या घरात हे पुन्हा बोलायचं नाही."

ते "सॉरी बाई" म्हणून गेले. ओल्या कपबशा तशाच राहिल्या. पस्तीस वर्षं शाळा चालवली मी. खबऱ्या मुलगी मला वर्गात शिरल्याबरोबर कळायची.

रविवार, २२ सप्टेंबर

आज त्याने पुन्हा तेच प्रवचन दिलं. शब्दाला शब्द. "आमची आई जेवायला एक ताट नेहमी जास्त मांडायची..." तिथेच थांबला, तिथेच हात पसरला.

सुरुवातीला कुजबुज झाली. मग वकीलबाई मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं जाईपर्यंत सांगत राहणार आहेत ते." आणि मग काय, टाळ्या. नाव आजही नाही.

शेजारच्या धर्मग्रामातल्या त्या दोन फादरांनी त्यांच्या चर्चमध्ये हेच प्रवचन द्यायचं ठरवलंय म्हणे. आईला सांगायला हवं होतं कुणीतरी, तुझं ताट गावोगाव फिरतंय म्हणून.

मंगळवार, २४ सप्टेंबर

चर्चच्या किल्ल्या दिवसभर सापडत नव्हत्या. संध्याकाळी पिठाच्या डब्यात सापडल्या. मी त्याला म्हटलं, "अरे, बिशपांच्या माणसांपासून लपवायच्या तर चांगली जागा तरी शोध." तो म्हणाला, "चुकलं गं आई." जीभ घसरली असेल. गेले काही दिवस सारखा आईबद्दलच बोलतोय ना.

दुपारी तो पलीकडच्या घरात असतो. त्यांच्या पाठीशी आहोत हे दाखवायला जातो, असं मी सगळ्यांना सांगते. आज बोलवायला गेले तर पोस्टमास्तरांबरोबर खिडकीत बसला होता. दोघं काही बोलत नव्हते. इतका निवांत मी त्याला कित्येक दिवसांत पाहिला नाही.

तिथल्या मोठ्या सिस्टर मला दारापर्यंत सोडायला आल्या. "बाई, फादरांना डॉक्टरकडे नेलंत का इतक्यात?"

"कशाला? ठणठणीत आहे."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. घर बंद होणार म्हणून हळव्या झाल्यात. मी त्यांना धीर दिला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी जेवणाच्या वेळी न कळवता बिशप आले. ड्रायव्हरही नाही, स्वतः गाडी चालवत. आमच्या दाराची चौकट चांगली उंच आहे, तरी आत येताना ते वाकले. मी अंगठीचं चुंबन घेतलं. ताट मांडायचा प्रश्न नव्हता, तिसरं ताट आमच्याकडे असतंच.

भाऊ आतून आला, त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात पसरून धावला. "अरे लांबू! किती दिवसांनी! ताई, बघ कोण आलंय!"

बिशपांनी भांडायची तयारी करून यावं आणि समोरच्याने मिठी मारावी. क्षणभर त्यांना काय करावं कळेना. मग तेही बिलगले. जेवण झालं. भाऊ सेमिनरीतल्या गमती सांगत होता, कुणी कुणाच्या उशीखाली काय ठेवलं, सगळं बारीकसारीक. मी मनात म्हटलं, आता समोरासमोर बोलतील, आता सुटेल हा गुंता.

बिशपांनी हात पुसले. "एक विचारायचंय. तू माझं नाव का घेत नाहीस? माझ्यावर रागावलायस हे समजू शकतो. पण प्रार्थनेतून काढलंस मला?"

"तुला कसा काढेन?" भाऊ म्हणाला. "तू लांबू."

"माझं नाव घे ना मग."

"लांबू."

"खरं नाव. माझं खरं नाव काय?"

भाऊ हसत होता. मग हसणं हळूहळू थांबलं. त्याने बिशपांकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखते. पस्तीस वर्षं वर्गात पाहिली आहे. धडा पाठ नसलेली मुलगी उभी राहते, छताकडे बघते, खाली बघते, आणि शेवटी शेजारणीकडे बघते, की तू तरी सांग गं. ती नजर मी मैलावरून ओळखते, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या डोळ्यांत मला ती इतके आठवडे दिसली नाही.

"आठवत नाही रे," तो म्हणाला. "पुस्तकात जागा येते ना, तिथे आलं की सगळं पांढरं होतं. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही."

"मग सांगायचं नाही का कुणाला?" बिशपांनी विचारलं.

"लोक टाळ्या वाजवायला लागले." त्याने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. "आणि ताईला एवढा आनंद झाला होता."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

परत आले तेव्हा बिशप रडत होते. खोटं लिहीत नाही, लहान पोरासारखे रडत होते, आणि भाऊच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. थोड्या वेळाने भाऊ खुर्चीतच पेंगायला लागला. बिशपांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "ताई, काळजी करू नका. आता सगळं सोपं झालं. मी लोकांना सांगतो, फादर आजारी आहेत, त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांच्यावर काही ठपका राहणार नाही."

ते खरोखरच चांगल्या मनाने बोलत होते. म्हणूनच मला जास्त लागलं.

"आणि पलीकडचं घर?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे."

"महाराज," मी म्हटलं, "तो नाव विसरला. ताट विसरला नाही. ते प्रवचन त्याच्या आजाराचं नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं."

त्यांनी समोरचं ताट बाजूला सरकवलं.

"मी तुम्हाला दोष द्यायला बोलत नाही. सिस्टर कमी आहेत हे मला दिसतं. कदाचित घर चालवणं खरंच शक्य नसेल. पण तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. लोक म्हणाले, एकदा येऊन बसा, तेवढंही नाही. आज आलात, कारण तुमचं नाव गळलं. तिथे राहणाऱ्यांची स्वतःची नावं गळलीत, त्यांच्यासाठी नाही आलात."

माझा आवाज चढला नव्हता. आजवर मी कुठल्याही धर्मगुरूशी असं बोललेले नाही.

"आणि याला आता कुठे ठेवणार?" मी भावाकडे बोट केलं.

"निवृत्त धर्मगुरूंचं घर आहे ना..."

"तिथे विसरणाऱ्यांना ठेवतात?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. विसरायला लागलेले म्हातारे फादर आजवर ते इथेच पाठवत आले, पलीकडच्या घरात.

"चल ना," मी म्हटलं. अरेतुरे कधी आलं मलाच कळलं नाही. "लांबू, अंगण ओलांडून चल. पाच मिनिटं."

ते उठले. दारापर्यंत आले, अंगणाकडे बघत उभे राहिले. समोर पोस्टमास्तर कोट घालून बाकावर बसले होते. "आज नको, ताई," ते म्हणाले. "मला आज नाही झेपणार." आणि गाडीत बसले.

रविवार, ६ ऑक्टोबर

बिशपांचं नवं पत्र आलं. फार प्रेमळ आहे. आमचे प्रिय बंधू आजारी आहेत, जे घडलं ते आजारामुळे, सर्वांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. धाकट्या फादरांना वाचताना मध्ये थांबावं लागलं. मिस्सानंतर मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. "अहो बाई," म्हणाले, आणि हातातल्या पत्राची घडी घालत राहिले.

बाहेर अंगणात एकजण म्हणाला, "म्हणजे आपण कशासाठी टाळ्या पिटल्या?" दुसरा हसला. हसणाऱ्याचा मला राग आला नाही. हवा निघून गेली की असंच होतं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. वर्षभर तरी चालू असेल म्हणाले.

वकीलबाई येऊन गेल्या. बराच वेळ खुर्चीच्या टोकावर बसून होत्या. "बाई, त्या दोन फादरांनी आपल्या विनंतीपत्रावरच्या सह्या मागे घेतल्या. मी पुन्हा लिहिते बिशपांना, पण आता आमच्या प्रत्येक शब्दाला एकच उत्तर मिळेल. ते बिचारे आजारी होते आणि तुमची गल्लत झाली."

"गल्लत झालीच ना," मी म्हटलं.

"फादरांच्या बाबतीत झाली. घराच्या बाबतीत नाही."

"हे कोण ऐकणार?"

त्यांनी पर्स उघडली, बंद केली. "आदरपूर्वक," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पलीकडचं घर रिकामं झालं. कुणाला भाच्याने नेलं, कुणाला लांबच्या संस्थेची गाडी. पोस्टमास्तर कोट घालून, पिशवी घेऊन निघाले; आज सुट्टी आहे असं कुणी म्हणेना, तेव्हा सिस्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "कुठल्या ऑफिसला बदली झाली माझी?" मोठ्या सिस्टर खिडकीशी उभ्या राहून त्यांच्या कोटाचं बटण लावत राहिल्या.

भाऊ दिवसभर त्या बंद दाराशी जाऊन येतोय.

रविवार, २० ऑक्टोबर

त्याचा शेवटचा मिस्सा. बिशपांनी परवानगी दिली, धाकटे फादर शेजारी उभे राहतील या अटीवर. मी सकाळी म्हटलं होतं, ते नाव चिठ्ठीवर लिहून देते, पोपच्या नावाशेजारी डकव. धाकट्या फादरांनी डकवलं. पण ऐन वेळी चिठ्ठी त्याला दिसली नाही, की दिसून वाचता आली नाही, देव जाणे.

"आणि आमचे महागुरू," तो म्हणाला आणि थांबला.

धाकट्या फादरांनी त्याच्या कानाशी वाकायला सुरुवात केली होती. पण तो पुस्तकाकडे बघत नव्हता. पहिल्या बाकाकडे बघत होता. तीच नजर, की तू तरी सांग गं.

लांबूवरचा माझा राग गेलेला नाही. तो माझ्याकडे पाठ फिरवून गाडीत बसला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. या चर्चमध्ये आता त्याचं नाव न घ्यायला कुणाला कारण असेल तर ते मला आहे.

मी उभी राहिले आणि ते नाव घेतलं. मोठ्याने, शाळेत हजेरी घ्यायची तसं. भावाने ते माझ्या मागोमाग म्हटलं. मग माझ्या पाठीमागे वकीलबाईंनी म्हटलं, आणि आणखी एकदोघांनी. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तो पुढच्या ओळीवर गेला आणि शेवटापर्यंत एकदाही अडखळला नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

चर्चचं घर सोडून दोन खोल्यांत आलो. निवृत्तांच्या घराने नाही म्हटलं, तेव्हा मीच म्हटलं, माझा भाऊ आहे, मी बघते. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. सकाळी तो झगा घालून दाराशी जातो. मी म्हणते, "आज सुट्टी आहे." हे मी सिस्टरांकडून शिकले.

दुपारी ताटं मांडली. सवयीने तीन मांडली गेली. तो तिसऱ्याकडे बघत बसला. म्हटलं, जेव. जेवेना.

"ताई, तू त्या दिवशी चर्चमध्ये कुणाचं नाव घेतलंस?"

एवढं त्याला कसं आठवलं कोण जाणे.

"आपल्याकडे सुट्टीत जेवायला यायचा, तो उंच मुलगा," मी म्हटलं.

"हो, हो." त्याचा चेहरा उजळला. त्याने तिसरं ताट हाताने पुसून सरळ केलं. "मग येत का नाही तो?"

"कामात असेल रे."

"त्याला कळवलंस का, ताट मांडलंय म्हणून?"

"कळवलंय."

तो दाराकडे तोंड करून बसला. भात निवून गेला तरी हात लावेना. थोड्या थोड्या वेळाने विचारत होता, "येत का नाही गं तो?" आणि मी दर वेळी तेच सांगत होते, कामात असेल.